शक्य जुळणी

कुसुमकाकीला त्या सोमवारी चांदी मिळाली नाही.

हुपरीत हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. काकीने बंद केलेल्या कडीचा सांधा शोधायला भिंग लागायचं. लग्न होऊन गावात आल्यापासून दर सोमवारी पेढीवर जायचं, चांदीची तार वजन करून घ्यायची, आठवडाभर घरी बसून पैंजणांच्या कड्या जोडायच्या आणि साखळ्या परत द्यायच्या, हा तिचा क्रम नवऱ्याच्या आजारपणातही मोडला नव्हता. त्या दिवशी पेढीवरच्या दिवाणजींनी नेहमीप्रमाणे तिचा हात पाटीवर ठेवून घेतला, काचेवर उमटलेलं वाचलं आणि तारेचं वेटोळं पुन्हा आत ठेवलं. तुमच्या नावापुढं काहीतरी नवीन आलंय, ते म्हणाले. तुमच्या हातात दिलेल्या चांदीला आता विमा मिळत नाही. आम्ही काय करणार?

काकी तिथून उठली. ती सरळ चौगुल्यांच्या घरी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पद्मजा कोल्हापूरला प्रयोगशाळेत निघाली होती. तिने आत ये म्हटलं, चहा टाकते म्हटलं. काकीने दोन्हीला नको म्हणून मान हलवली.

"तुझी ती अंगठी माझ्या बोटात घातलीस, तवा काय म्हणाली होतीस?"

पद्मजाला ते शब्द पाठ होते. तिने ते गल्लीतल्या प्रत्येक घरात, प्रत्येक माणसासमोर बसून, एकही शब्द न बदलता सांगितले होते. तुमचं नाव कुठेही जाणार नाही. हाताबद्दल जे कळेल ते मी कुणाला सांगणार नाही. तुम्हालासुद्धा नाही, तुम्ही स्वतः येऊन विचारल्याशिवाय.

"मग मी कधी आलो तुला इचारायला?" काकी म्हणाली. "दिवाणजीनं सांगितलं मला. चार बायकांच्या म्होरं. हस्तस्थैर्य, देखरेखीखाली. एवढं मराठी मला बी वाचता येतं."

पद्मजाच्या खांद्यावरची पिशवी खाली सरकली. ती सावरेपर्यंत काकी गल्लीच्या वळणावर पोचली होती.

*

कुणाचाच हात स्थिर नसतो. सुईत दोरा ओवणाऱ्याचाही नाही आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याचाही नाही. प्रत्येक हात सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो, फक्त इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. स्नायू आकसतो, त्याची वर्दी मज्जातंतूंतून कण्यापर्यंत जाते, तिथून दुरुस्तीचा हुकूम परत येतो. या फेरीला लागणारा वेळ, हाताची लांबी, बोटांचं वजन, अशा सगळ्यांतून ती थरथर घडते. आणि मेंदूत हालचालीचा ताल राखणाऱ्या पेशी मरू लागल्या, की या जलद थरथरीच्या खाली एक संथ लय उमटते, सेकंदाला चार-पाच ठोक्यांची. हात काम करता करता थांबला, की ती क्षणभर वर येते आणि बुडते. लोक ज्याला कंपवात म्हणतात तो दिसायला त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागतात.

पद्मजाची अंगठी ती संथ लय ऐकायची. आत तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक होता. अंगठी घालायची आणि नेहमीचं काम करायचं, एवढंच. हे यंत्र तिने कशासाठी केलं ते गावाला माहीत होतं. तिचे वडील, नेमगोंडा चौगुले, घुंगरं डाख लावून सांधण्यात एक नंबरचे. शेवटची कित्येक वर्षं ते उजवा हात खिशात घालून वावरले. घरच्यांना वाटलं, अप्पा तिरसट झालेत, जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नाहीत. खिशातला हात डॉक्टरांपुढे आला तेव्हा फारसं करण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांच्यानंतर पद्मजा पुण्याची नोकरी सोडून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत आली आणि गावातच, भावाच्या घरी राहू लागली. त्या घराच्या कारखान्याचा परवाना अप्पांच्या पश्चात दोघा भावंडांच्या नावे झाला होता.

याच काळात गावात दुसरी एक गोष्ट आली. तेजाबाने आणि घासकामाने चांदीच्या कारागिरांच्या बोटांचे ठसे झिजून जातात. रेशनच्या दुकानातलं यंत्र त्यांना ओळखायचं नाही, बँकेतलं ओळखायचं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हाताची जलद थरथरही माणसागणिक वेगळी असते आणि ती तेजाबाने झिजत नाही. तळहात काचेच्या पाटीवर ठेवायचा, पाटी थरथर मोजते आणि नाव सांगते. याला हातखूण म्हणू लागले. हुपरीत हातखूण आणण्यासाठी सगळ्यात जास्त धावपळ केली ती अभिनंदनने, पद्मजाच्या धाकट्या भावाने. कारागीर नोंदणी केंद्राचा तो प्रमुख होता. लोक पाटीला बिचकत होते म्हणून पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत आपल्या बहिणीचाच हात तिच्यावर ठेवला होता.

म्हणजे एकाच लहरीत दोन गोष्टी होत्या. वरच्या जलद भागात माणूस आणि खालच्या संथ भागात त्याचा आजार. पद्मजा खालचा भाग वाचत होती, पाटी वरचा. दोन्ही एका जागी आले तर काय होईल, हे तिला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. एका जागी आणणारा घरातलाच असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

*

केंद्रात अभिनंदनने तिला पाहताच खुर्ची पुढे केली. "बस की आक्का. आज लॅब न्हाई?"

तिने उभ्यानेच विचारलं, महिन्याभरापूर्वी किती कारागिरांना हलके चिमटे लागतील त्याच्या मागणीसाठी म्हणून तू माझ्याकडून जी फाइल नेलीस, तिचं काय केलंस.

तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. केंद्राचा सगळा कारभार एका वेब पानावरून चालायचा आणि त्या पानाच्या कडेला 'आयात' असं एक बटण होतं. तक्त्याची फाइल तिथे टाकली, की डावीकडे फाइलीतले स्तंभ दिसायचे, उजवीकडे केंद्राच्या साठ्यातले रकाने. कोणता स्तंभ कोणत्या रकान्यात जायचा ते बाण ओढून दाखवायचं. पद्मजाच्या फाइलीत नावं नव्हती. पत्ता नव्हता, फोन नव्हता, वयाचा फक्त गट होता. प्रत्येक माणसासाठी एक क्रमांक, आणि तो लिहिलेली चिठ्ठी त्या माणसाच्या हातात. पुढे हस्तस्थैर्याचा निष्कर्ष. आणि अगदी शेवटी, उजवीकडे इतका लांब गेलेला की कुणी तिथवर सरकत जाणार नाही, लहरीच्या आकड्यांचा स्तंभ. तिच्या दृष्टीने ते मोजमाप होतं. ओळख नव्हे.

अभिनंदनने त्या स्तंभापासून बाण ओढून 'हातखूण' या रकान्याला जोडला होता.

"विमेवाल्यांनी नवीन अट घातली," तो सांगू लागला. घरोघर चांदी द्यायची तर प्रत्येक कारागिराच्या नोंदीत हस्तस्थैर्याचा रकाना भरलेला हवा. रिकामा असला तर गावातल्या एकाही घराला विमा नाही. नव्याने तपासण्या करायच्या तर वर्ष गेलं असतं. आणि फाइल घरातच होती. "गावचं काम बंद पडलं असतं आक्का. तू सांग, मी काय करायला पाहिजे होतं?"

"मला विचारायला पाहिजे होतं."

"तू न्हाई म्हणाली असतीस."

"हो."

त्याने हात पसरले, जणू तिनेच त्याचा मुद्दा सिद्ध करून दिला होता. मग थोडा खालच्या आवाजात म्हणाला, की तसं म्हटलं तर त्याने काही केलंच नाही, जुळवलं ते यंत्राने.

पद्मजा पडद्याजवळ वाकली. आयातीचा इतिहास उघडाच होता. प्रत्येक ओळीपुढे पिवळ्या चौकटीत 'शक्य जुळणी' असं लिहून पानाने एक नाव सुचवलं होतं आणि खाली दोन बटणं दिली होती: जुळते, जुळत नाही. सगळ्या ओळी एकदम निवडायची सोय नव्हती. कायद्यानेच ती ठेवू दिलेली नव्हती. माणसाची आरोग्याची नोंद त्याच्या नावाला जोडायची, तर कुणीतरी दुसऱ्या माणसाने ते नाव वाचून, पाटीवर स्वतःचा हात ठेवून, एकेक करून होकार द्यायला हवा, असं कलम होतं. हेतू हा, की हे करताना कुणीतरी दर वेळी थांबावं.

"यंत्राने फक्त विचारलं," ती म्हणाली. "हो तू म्हणालास. कुसुमकाकीचं नाव आलं तेव्हा वाचलंस?"

"वाचलं."

"तिने तुला अंगाखांद्यावर वाढवलं."

अभिनंदन पडद्याकडे बघत राहिला. बहुतेकांचे हात चांगलेच निघालेत, तो म्हणाला, त्यांची कामं सुरळीत चालू आहेत. वाईट निघालेले थोडे. त्यांच्यासाठी पुढे काहीतरी करता येईल, निवृत्तीवेतनासाठी तो स्वतः लिहिणार होता. तिने 'आयात मागे घ्या' या बटणाकडे बोट दाखवलं. ते दाबायला त्याने नकार दिला. ते दाबलं की सगळ्या गावाचा विमा पडेल, फक्त काकीचा नाही. हे त्याने शांतपणे, हिशेब समजावल्यासारखं सांगितलं आणि तिला जाणवलं, की हा हिशेब त्याने बाण ओढण्याआधीच केलेला आहे.

*

संध्याकाळी ती गल्लीत गेली. ज्या ओट्यांवर बसून तिने लोकांच्या बोटांत अंगठी घातली होती, तिथे बायका कड्या जोडत बसल्या होत्या. ती आल्यावर कुणी चटई सरकवली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं. फाइल माझी होती, माझ्याच हातून बाहेर गेली, आणि ती मागे घ्यायला लावण्यासाठी मी तक्रार करणार आहे. कुणाच्या हाती गेली ते मात्र तिने सांगितलं नाही. अप्पांचं घर म्हणून ज्या घराला लोक अजून मान देत होते, त्या घरातलं ते नाव ओट्यांवरच्या एवढ्या बायकांपुढे तिच्या तोंडून निघेना.

कुसुमकाकी कोपऱ्यात रिकाम्या हातांनी बसली होती. तिचे हात रिकामे पद्मजाने कधी पाहिले नव्हते.

"तक्रार आमची आम्ही करू," काकी म्हणाली. "एक सांग. दिवाणजीनं यादी दावली, समद्या गल्लीची नावं आली त्या काचेवर. ज्यांचे हात धड हायत त्यांची बी आली. तू बी आमच्यासंगं अंगठी घातली होतीस. पैली तूच घातलीस, मग मी घातली. पाटीवर बी तुझाच हात पैला. मग तुझं का न्हाई आलं?"

पद्मजा मनात फाइलीच्या ओळी चाळू लागली.

"आपलं तेवढं झाकून ठिवलंस," काकीने उत्तरही स्वतःच दिलं. "हुशार हायस. अप्पांची लेक."

कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी चिमटे उचलले आणि माना खाली घालून त्या कामाला लागल्या.

घरी जाताना पद्मजाने जे ठाऊक होतं ते एकेक करून मांडून पाहिलं. अंगठी तिने घातली होती, तिची ओळ फाइलीत होतीच. कोणती, ते तिला माहीत नव्हतं. इतरांसारखीच तिनेही डब्यातून क्रमांकाची चिठ्ठी उचलली होती आणि न उघडता फाडून टाकली होती. तिला कळून घ्यायचं नव्हतं. प्रयोगशाळेत आलेखावर सगळ्या गावाचे ठिपके तिच्यासमोर असायचे आणि त्यांतला एक आपला आहे, एवढ्यावर ती थांबायची. लहर मात्र होती आणि केंद्राच्या साठ्यात तिची हातखूणही होती. पानाने दोन्ही जुळवून तिचं नाव सुचवलं असणारच. सुचवूनही ते काचेवर आलं नसेल, तर त्याचा अर्थ एकच होता, 'जुळत नाही' दाबलं गेलं होतं. आणि एक बटण दाबणाऱ्याने दुसरं का दाबलं असेल, याचाही एकच.

*

दुसऱ्या दिवशी केंद्रात तक्रारीच्या खिडकीसमोर रांग होती. गल्लीतली बरीच माणसं होती, कुसुमकाकीही होती. खिडकीतल्या शबाना मुजावर एकेकाचा अर्ज पाहून परत देत होत्या. जुळणी कुणी कायम केली तो रकाना रिकामा आहे, त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. केंद्राने केली, असं लिहून चालत नाही, माणसाचं नाव लागतं. नाव घालून अर्ज दाखल झाला, तर मात्र चौकशी होईपर्यंत सगळी आयात आपोआप गोठते.

पद्मजा रांगेतून खिडकीशी आली तेव्हा मुजावर मॅडमनी तिचा हात पाटीवर ठेवून घेतला आणि मान हलवली. या आयातीत तुमची नोंदच नाही, त्या म्हणाल्या. ज्याची नोंद जोडली गेली त्यालाच तक्रार करता येते.

काकीच्या अर्जात तिला ते नाव भरून देता आलं असतं. पण मग चौकशीत उभी राहिली असती काकी, एका चौगुल्याविरुद्ध, दुसऱ्या चौगुलीच्या सांगण्यावरून. पद्मजा रांगेतून निघाली आणि आतल्या खोलीत गेली.

"माझी ओळ दाखव," ती अभिनंदनला म्हणाली.

त्याने पडद्यावर हात ठेवला. लहानपणी चुकीचं गणित झाकायचा तसा. "नको आक्का."

तेवढ्यानेच तिची खात्री झाली. तरी ती ऐकत उभी राहिली, कारण ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

"तेवढी एकच खोटी दाबली मी," तो म्हणाला. "तुझं नाव आलं आणि शेजारचा रकाना बघितला. अप्पांचं सगळं मी काढलंय, त्यांना घास भरवलाय मी. तुला ते आत्तापासून कळून काय करायचं? जितकी वर्षं जातील तितकी जाऊ देत, म्हटलं."

"काकीला कळलेलं चाललं."

त्याने पडद्यावरचा हात खाली घेतला.

"म्हणजे काय होणार ते तुला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या नावाशी थांबलास. तुला थांबता येत होतं, अभि."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं, हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळे काहीच सोपं झालं नाही. आपल्यावर माया आहे म्हणून त्याने आपल्याला गल्लीपासून तोडलं. तिथे तिच्या शब्दावर बोटं पुढे करणाऱ्या माणसांत आता ती एकटीच सुटलेली होती. परका कुणी असता तर त्याने सरसकट सगळ्यांना विकलं असतं. तेवढी दया अभिनंदनने केली नाही.

स्वतःची ओळ स्वतः मागण्याचा हक्क कायद्यात होता आणि त्याला कुणा प्रमुखाची परवानगी लागत नव्हती. बाहेरच्या दालनात त्यासाठी वेगळी पाटी होती. पद्मजाने रांगेदेखत तिच्यावर तळहात ठेवला. पान क्षणभर शोधत राहिलं आणि पिवळी चौकट उघडली. शक्य जुळणी. ही नोंद तुमचीच आहे का?

दाराशी अभिनंदन आला होता. "आक्का," तो म्हणाला, एवढंच.

तिने 'जुळते' दाबलं. काचेवर तिचं नाव उमटलं आणि त्यापुढे तेच दोन शब्द, जे दिवाणजींनी काकीला वाचून दाखवले होते. रांगेतली माणसं ते वाचायला वाकली. तिने ते शब्द एकदा वाचले, विज्ञानाची माणसं मोजमाप वाचतात तसे, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला पुढे घ्यायला कुणी सरकलं नाही. तिचीही तशी अपेक्षा नव्हती. फक्त काकी आपला परत आलेला अर्ज हातात धरून खिडकीच्या बाजूला थांबून राहिली.

पद्मजाची पाळी आली तेव्हा मुजावर मॅडमनी नोंद पाहिली, मान डोलावली आणि अर्ज भरायला घेतला.

"जुळणी कुणी कायम केली?"

"माझी नोंद मी स्वतः जोडली. त्याआधी ज्याने ती खोटं सांगून नाकारली आणि बाकी सगळी आयात कायम केली, त्याचं नाव लिहा. अभिनंदन नेमगोंडा चौगुले."

मुजावर मॅडमची बोटं थांबली. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग पद्मजाकडे. "साहेब?"

"हो."

"आणि फाइल कुणाकडून आली?"

"पद्मजा नेमगोंडा चौगुले."

"म्हणजे तुम्हीच की. तुमच्याच तक्रारीत तुमचं नाव घालू?"

"घाला. खाली घाला, पण घाला."

त्यांनी घातलं. अर्ज दाखल झाला आणि दालनातल्या मोठ्या पडद्यावर ओळ आली, की ही आयात चौकशीपर्यंत स्थगित करण्यात येत आहे. दाराशी आता कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार आतून लावल्याचा आवाज आला.

पद्मजा खिडकीपासून बाजूला झाली. कुसुमकाकी तिच्याकडे न बघता पुढे सरकली, हातातला अर्ज तिने खिडकीतून आत दिला आणि म्हणाली, "माझ्या बी कागदात तीच दोन नावं घाला."